उशिराचे दहा

सप्टेंबरच्या पहिल्या मंगळवारी मी वाटते
चार पानं, दोन्ही बाजूंनी छापलेली:
या वर्गात काय अपेक्षित आहे.
खाली पालकांची सही.
उशिराला रोज दहा गुण कमी.
प्रिंटर बिघडला, कुत्र्यानं फाडला, आजी गेली,
बावीस वर्षांत सगळं ऐकून झालंय;
एका मुलाच्या तर एकाच हिवाळ्यात तीन आज्या गेल्या.

जोन्सपोर्ट, मेन. वर्ग चौदा.
खिडकीखाली धक्का, पिवळ्या पिंजऱ्यांची रास.
वरच्या पातळीचं इंग्रजी, मुलं अकरा.

हॅना फॉल्किंगहॅम निबंध तीन दिवस आधी देते
आणि एक्क्याण्णव बघून स्वच्छतागृहात जाऊन रडते.
तिची आई फोनवर विचारते, उरलेले नऊ गेले कुठे?
जसे काही मीच खिशात घातले.
म्हणावंसं वाटतं, बाई, नाकापेक्षा मोती जड होतोय.
म्हणते, बघते हं.

टेस ॲली उशिरा देते. नेहमी.
शनिवार-रविवार बापाच्या बोटीवर,
आणि हवा चांगली असेल तर सोमवारीही, पहाटे चारपासून.
आमिषाचे हेरिंग भरून ती पहिल्या तासाला येते
ती वासासकट. तिच्या शेजारचं बाक रिकामं राहतं
आणि तिला ते आवडतं, पाय पसरता येतात.

ऑक्टोबरात विषय दिला:
एखाद्या नियमाच्या बाजूनं किंवा विरुद्ध लिहा.
अकराशे शब्द. पुरावे हवेत.

टेसचा आला चार दिवसांनी. सहाशे चाळीस.
शेवंडीच्या मापाबद्दल.
पितळेची पट्टी असते, लिहिते ती,
डोळ्याच्या खाचेपासून पाठीच्या कडेपर्यंत लावायची.
लहान भरली तर पाण्यात परत.
फार मोठी भरली तरी परत.
पोटाखाली अंडी असली तर शेपटीला एक खाच पाडून परत,
म्हणजे पुढच्यानं ओळखावं, हिला सोडायचंय.
*बाबांना वाटतं पट्टी सरकारची आहे,*
*मला वाटतं ती समुद्राची आहे, सरकार नुसतं धरून उभं आहे,*
आणि पुढे स्वल्पविराम, जिथे पूर्णविराम हवा.
पुरावा एकही नाही. म्हणजे
तिचे हात सोडून एकही नाही.

चाळीस वजा. शब्द कमी म्हणून आणखी सहा.
समासात लिहिलं, हातचा राखून लिहितेस.
मग खोडलं. तिनं काही राखलं नव्हतं.

गठ्ठा माझ्या गाडीत, शेजारच्या सीटवर.
इतका जड की गाडीला वाटतं माणूस बसलाय,
टुंग टुंग करत राहते.
म्हणून मी निबंधांना पट्टा लावते
आणि आम्ही दोघं दुकानात जातो, बँकेत जातो,
बहिणीकडे जेवायला जातो,
ते बाहेर थांबतात.

नोव्हेंबरात टेस, हात वर न करता:
"मिसेस थिबोडो, दुसऱ्या पानावर लिहिलंय
निबंध दोन आठवड्यांत परत मिळतील.
आमच्या उशिराला दहा. तुमच्या?"

वर्ग हसला. हॅनासुद्धा.
मी फळ्यावर हिशेब मांडला, मांडावाच लागला:
एकोणीस दिवस. उणे एकशे नव्वद.
खडू ठेवला. कुणी टाळी वाजवली,
ती नको होती.

त्या रात्री सगळे तपासून संपवले.
टेसला चोपन्न. नियम मी लिहिला होता,
चार पानांवर तिच्या बापाची सही होती, गिचमिड, ओली झालेली.
पण स्वयंपाकघरातली कात्री घेतली
आणि तिच्या शेवटच्या पानाच्या कडेला
एक खाच पाडली.

दुसऱ्या दिवशी तिनं गुण पाहिले, पान उलटलं,
खाचेवरून अंगठा फिरवला.
"फार खोल गेलीय," म्हणाली.
"अशानं शेपटी फाटते."

पुढचा निबंध दोन दिवस उशिरा आला.